रंगाचा पाठ आणि पाठभेद : 'द सॅबोटर' या युद्धकालीन व्हिडिओ गेमची समीक्षा

प्रस्तावना

जर्मन सैन्याने १४ जून १९४० रोजी पॅरिसचा ताबा घेतला आणि २५ ऑगस्ट १९४४ रोजी ते शहर मुक्त झाले. या चार वर्षांविषयी इतिहासकारांनी, कादंबरीकारांनी आणि चित्रपटकारांनी विपुल निर्मिती केली आहे. डिसेंबर २००९ मध्ये तीत एका व्हिडिओ गेमची भर पडली. पँडेमिक स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने तयार केलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने प्रकाशित केलेला 'द सॅबोटर', म्हणजे 'घातपाती', हा तो खेळ होय. तो 'ओपन वर्ल्ड' या प्रकारात मोडतो. या प्रकारात खेळाडूला एक संपूर्ण शहर व भोवतालचा मुलूख मोकळा मिळतो. कथेतील मोहीम हाती घ्यावी, अथवा ती बाजूस ठेवून मोटार घेऊन भटकावे, छपरे चढावीत, दिसेल तो टेहळणी मनोरा सुरुंगाने उडवावा, असे स्वातंत्र्य त्यात असते.

व्हिडिओ गेमच्या परीक्षणांची एक ठरलेली घडी आहे. खेळ खेळावयास कसा आहे हे एका भागात सांगावयाचे आणि कोणत्या ग्राफिक्स कार्डावर तो किती सुरळीत चालतो हे दुसऱ्या भागात. पहिला भाग रसिकाचा, दुसरा ग्राहकाचा, अशी ही वाटणी. बहुतेक खेळांच्या बाबतीत ती चालूनही जाते. 'द सॅबोटर'च्या बाबतीत मात्र ती चालत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या खेळाचा मध्यवर्ती नियम रंगाचा आहे आणि रंग ही ग्राफिक्स कार्डावर घडणारी गोष्ट आहे. त्यामुळे या खेळाचा अर्थ लावू पाहणाऱ्याला कार्डाच्या आत काय चालते याकडे पाहावेच लागते, आणि कार्डाची कामगिरी मोजणाऱ्याला इतिहासाकडे.

शर्यत आणि सूड

कथानक थोडक्यात सांगून पुढे जाणे योग्य, कारण त्यात नावीन्य फारसे नाही. शॉन डेव्हलिन हा आयरिश मेकॅनिक आणि शर्यतीचा चालक. सारब्रुकेन येथील एका शर्यतीत कुर्ट डिअर्कर हा नाझी स्पर्धक त्याला कपटाने हरवितो. पुढे तोच डिअर्कर शॉनचा मित्र ज्यूल याची हत्या करतो. शॉन पॅरिसला येऊन 'बेल द न्युई' नावाच्या कॅबरेगृहात आश्रय घेतो, ल्यूक नावाच्या नेत्याच्या भूमिगत गटात सामील होतो आणि शेवटी आयफेल मनोऱ्यावर आपल्या वैऱ्यासमोर उभा ठाकतो. हिंदी चित्रपट पाहणाऱ्याला ही सूडकथा परकी वाटू नये.

या कथेमागील खरा माणूस कथेपेक्षा मोठा आहे. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स याचा जन्म १९०३ साली फ्रान्समध्ये, इंग्रज पिता व फ्रेंच माता यांच्या पोटी झाला. १९२९ साली मोनॅको येथे पहिली ग्रां प्री शर्यत झाली, ती त्याने हिरव्या रंगाच्या बुगाटी मोटारीतून जिंकली. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना राष्ट्राराष्ट्रांचे रंग असत : फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा. बुगाटी हा फ्रेंच कारखाना. तरी आपली गाडी हिरवी ठेवणाऱ्या या चालकाची निष्ठा दोन देशांत वाटलेली होती. युद्धात तो 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' या ब्रिटिश गुप्त संघटनेत दाखल झाला आणि १९४२ मध्ये हवाई छत्रीने फ्रान्समध्ये उतरला. रोबेर बन्वा आणि झाँ-पिएर विमील हे दोन फ्रेंच शर्यतपटू त्याचे साथीदार होते. ऑगस्ट १९४३ मध्ये ग्रोव्हर-विल्यम्स पकडला गेला आणि १९४५ साली साक्सेनहाउझेन छळछावणीत त्याला ठार करण्यात आले. बन्वाला १९४४ मध्ये बुखेनवाल्ड येथे मारण्यात आले. तिघांपैकी विमील तेवढा युद्धातून वाचला.

खेळाने या चरित्रातून मोटार आणि घातपात एवढे दोन धागे उचलले व बाकीचे सोडले. नायक आयरिश केला. आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होते, त्यामुळे शॉनला कोणत्याही राष्ट्राचे देणे लागत नाही. त्याचा लढा खाजगी राहतो. सारब्रुकेनची ती शर्यतही काल्पनिक आहे. युद्धापूर्वीची अखेरची ग्रां प्री ३ सप्टेंबर १९३९ रोजी बेलग्रेड येथे झाली होती. पॅरिसच्या आकाशात खेळात झेपेलिन हवाई जहाजे तरंगताना दिसतात, तीही प्रत्यक्षात नव्हती. जर्मनीने आपली उरलेली मोठी झेपेलिने १९४० सालीच मोडीत काढली होती. नीना सिमोनने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले गाणेही या १९४० च्या पॅरिसात वाजते. अशा कालविपर्यासांची यादी करणे सोपे आहे; परंतु ती या खेळावरची टीका ठरत नाही. हा खेळ इतिहासाचे पाठ्यपुस्तक असल्याचा आव आणत नाही. स्वस्त साहसकथांची मुखपृष्ठे आणि कृष्णधवल गुन्हेपट हे त्याचे पूर्वज आहेत. त्याने स्वतः जो नियम घातला, त्या नियमाशी तो प्रामाणिक राहतो काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

रंगाचा नियम

तो नियम असा. ज्या भागात जर्मनांचा धाक पूर्ण बसला आहे तो भाग कृष्णधवल दिसतो. पाऊस, ओले रस्ते, काळ्या सावल्या. त्या करड्या जगात काही रंग तेवढे शिल्लक असतात : नाझी निशाणांचा व दंडपट्ट्यांचा लाल आणि कुठे कुठे खिडकीतल्या दिव्याचा पिवळा. त्या भागातील ठरावीक मोहीम यशस्वी झाली की लोकांची लढण्याची उमेद जागी होते आणि रस्त्यांवर, घरांवर, आकाशात रंग परत येतो. मग तेथे सैनिकांचा पहाराही कमी होतो आणि नागरिक प्रतिकाराच्या बाजूने उभे राहू लागतात.

निवडक रंगाची ही युक्ती चित्रपटाने पूर्वीच वापरली होती. 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) मधील लाल कोटातली मुलगी सर्वांना आठवत असेल. 'प्लेझंटव्हिल' (१९९८) मध्ये तर कृष्णधवल गावात माणसामाणसाने रंग शिरत जातो. मात्र चित्रपटात रंग प्रेक्षकाला दाखविला जातो. येथे तो नकाशाचे काम करतो. गच्चीवर उभ्या असलेल्या खेळाडूला पुढच्या गल्लीत पहारा कडक असेल की सैल, हे रंगावरून कळते. धोका दाखविण्यासाठी पडद्यावर वेगळी आकडेवारी लागत नाही. सौंदर्य आणि सूचना एकाच खुणेत बसविणे ही या माध्यमातली दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिचे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे.

वेषांतराची योजनाही अशीच नेटकी आहे. सैनिकाला गुपचूप मारले तरच त्याचा गणवेष अंगावर चढविता येतो. गणवेषात असताना पळू नये, भिंत चढू नये, पहारेकऱ्याच्या फार जवळ जाऊ नये. अट्टल खेळाडूला पळण्याची सवय असते. त्याला येथे शहाण्या माणसासारखे चालावे लागते. व्याप्त शहरात जगणे म्हणजे स्वतःच्या चालीवर सतत लक्ष ठेवणे, हा अनुभव कथेतील कोणत्याही संवादापेक्षा या नियमातून अधिक नेमका पोहोचतो. छपरे चढण्याची क्रिया मात्र कंटाळवाणी आहे. प्रत्येक कंगोऱ्यासाठी बटण दाबावे लागते आणि चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचेतो पॅरिसचे वास्तुवैभव ही शिक्षा वाटू लागते.

आता नियमातील भेग पाहू. या शहरात व ग्रामीण भागात शेकडो मुक्त लक्ष्ये विखुरलेली आहेत : मनोरे, शोधदिवे, विमानविरोधी तोफा, प्रचाराचे कर्णे, इंधनाचे साठे. खेळाडू ती आपल्या मर्जीने उडवितो आणि उडविलेले लक्ष्य पुन्हा उभे राहत नाही. हा खेळाचा सर्वांत मोकळा, सर्वांत व्यसन लावणारा भाग होय. परंतु या लक्ष्यांमुळे रंग परतत नाही. एखाद्या वस्तीतील एकूण एक मनोरे जमीनदोस्त केले तरी कथेतील नेमकी मोहीम पार पडेपर्यंत ती वस्ती करडीच राहते. खेळाडूचे श्रम एका खात्यात जमा होतात आणि शहराचे मन दुसऱ्याच खात्यातून बदलते. मुक्त विश्व असे म्हणावयाचे आणि त्या विश्वाला जाग आणण्याचा अधिकार मात्र पटकथेकडे ठेवावयाचा, ही या प्रकाराची जुनी दुटप्पी रीत. येथे रंगामुळे ती उघडी पडते इतकेच.

कार्डाच्या आतले पॅरिस

कृष्णधवल दृश्य काढणे यंत्राला सोपे जात असेल, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जुन्या छायाचित्रपट्टीवर रंग मुळात उमटतच नसे. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. भिंत, कोट, मोटार या सर्वांची पृष्ठचित्रे रंगीतच असतात आणि प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा व निळा अंश प्रकाशासह मोजला जातो. त्यानंतर अखेरच्या टप्प्यावर या तीन अंशांची भारित बेरीज करून तेजस्वितेचा एकच आकडा काढतात. दूरचित्रवाणीच्या जुन्या मानकात लालला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के भार दिलेला आहे, कारण मानवी डोळा हिरव्याला अधिक दाद देतो. निवडक रंग राखावयाचा असेल तर तेवढे पिक्सेल या प्रक्रियेतून वगळावे लागतात. तात्पर्य, अशा रीतीने काढलेल्या करड्या दृश्यासाठी रंगीत दृश्याचे सर्व कष्ट करून शिवाय थोडे अधिक करावे लागतात. रंग कार्डाच्या स्मृतीत आधीपासून असतो आणि पडद्यावर येण्यापूर्वी तो काढून घेतला जातो. दडपलेल्या शहराची याहून चपखल उपमा लेखकाला मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

मुक्त विश्वाचा खरा भार रंगाचा नसतो, विस्ताराचा असतो. सेकंदाला ३० चित्रे दाखवावयाची तर एका चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० दाखवावयाची तर जेमतेम १७. खेळाडू छपरावर चढला की एकाएकी अर्धे शहर दृष्टीस पडते. मोटारीत बसला की नवे रस्ते डिस्कवरून सतत ओढून आणावे लागतात. दूरच्या इमारती साध्या, जवळच्या तपशीलवार, अशी तडजोड पावलोपावली करावी लागते. त्या काळच्या प्लेस्टेशन ३ मध्ये मुख्य स्मृती २५६ मेगाबाइट आणि चित्रस्मृती २५६ मेगाबाइट होती. एक्सबॉक्स ३६० मध्ये दोन्ही कामांसाठी मिळून ५१२. आजच्या साध्या भ्रमणध्वनीत याच्या कैकपट स्मृती असते. एवढ्या जागेत आयफेल मनोरा, नोत्र दाम आणि भोवतालची शेते बसवावयाची म्हणजे कुठे तरी अंधार हवाच. पाऊस, धुके आणि गडद सावली यांत दूरच्या इमारतींचा ओबडधोबडपणा लपतो. कृष्णधवल भागाचे देखणेपण असे काही अंशी यंत्राच्या मर्यादेतून आले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच संदर्भात प्लेस्टेशन ३ वरील आवृत्तीचा एक विशेष नोंदविला पाहिजे. संगणकीय चित्रात तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात. ही तूट बुजविण्याची रूढ पद्धत ग्राफिक्स चिपवर स्मृतीचा व वेगाचा मोठा बोजा टाकते. पँडेमिकच्या तंत्रज्ञांनी हे काम चिपवरून काढून मुख्य प्रोसेसरच्या सहायक गाभ्यांवर सोपविले. चित्र तयार झाल्यावर त्यातील तेजस्वितेचे उतार तपासावयाचे, कडा कुठे आहेत हे ओळखावयाचे आणि तेवढ्याच जागी शेजारचे पिक्सेल मिसळावयाचे, अशी ही रीत. इंटेल कंपनीतील संशोधक अलेक्झांडर रेशेतोव्ह यांनी याच कुळातील पद्धत २००९ मध्येच शोधनिबंधातून मांडली होती, आणि मार्च २०१० मध्ये आलेल्या 'गॉड ऑफ वॉर ३' मुळे ती नावारूपाला आली. 'द सॅबोटर'मधील तिच्या वापराकडे 'डिजिटल फाउंड्री' या तांत्रिक परीक्षकांनी वेळीच लक्ष वेधले होते.

परीक्षकांनी हे यश कामगिरीच्या रकान्यात मांडले. आमच्या मते ते समीक्षेच्या रकान्यातही मांडले पाहिजे. ज्या दृश्यात रंग नाही तेथे वस्तू एकमेकींपासून ओळखण्याचे साधन तेजस्विता हे एकच उरते. डोळा तेथे कडेवरच जगतो. तुटलेली कड तेथे सर्वांत अधिक खुपते. कडा तेजस्वितेवरून शोधणारी पद्धत नेमकी अशाच जगासाठी घडविल्यासारखी आहे. तिची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. पिक्सेलपेक्षा बारीक असलेली वस्तू अशा पद्धतीला नीट सावरता येत नाही, कारण जे चित्रात उतरलेच नाही ते मागाहून दुरुस्त कसे करणार? दुरून पाहिलेली आयफेल मनोऱ्याची लोखंडी जाळी ही अशा वस्तूचे आदर्श उदाहरण होय.

रंगीत पॅरिसाकडे आल्यावर मात्र निराशा होते. मुक्त झालेल्या वस्तीत प्रकाश सपाट आहे, भिंतींच्या पृष्ठचित्रांचा साधेपणा उघडा पडतो, हिरवळ कापडासारखी वाटते. कलाकारांचे सर्व कसब करड्या भागात खर्च झालेले दिसते. खेळाचा नियम सांगतो की रंग हे बक्षीस आहे. डोळा मात्र मागे वळून पाहतो. खेळाडू जसजसा जिंकत जातो तसतसे त्याचे शहर दिसायला फिके होत जाते. या विसंगतीचा निर्मात्यांनी जाणीवपूर्वक विचार केला असता तर स्वातंत्र्य हे गुलामगिरीइतके चित्रमय नसते, असा एक गंभीर आशय त्यातून निघू शकला असता. खेळात तसे कोठेही सूचित होत नाही. ही विसंगती अभावितपणे उरलेली आहे.

झुक्काची छायाचित्रे

रंग म्हणजे स्वातंत्र्य आणि करडेपणा म्हणजे व्याप्ती, या समीकरणाला इतिहासाने आधीच एक अडचणीचे उत्तर देऊन ठेवले होते. खेळ बाजारात येण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २००८ साली, पॅरिस नगराच्या ऐतिहासिक ग्रंथालयाने आंद्रे झुक्का या छायाचित्रकाराचे प्रदर्शन भरविले. झुक्का हा 'सिग्नल' या जर्मन प्रचारपत्रिकेसाठी काम करीत असे. युद्धकाळात रंगीत फिल्म दुर्मीळ होती. झुक्काला ती जर्मनांकडून मिळे. त्याने टिपलेले पॅरिस उन्हात न्हालेले आहे. उपाहारगृहांबाहेर गर्दी, झोकदार टोप्या घातलेल्या स्त्रिया, घोड्यांच्या शर्यती आणि मधूनच स्वस्तिकाची लाल निशाणे. प्रदर्शनावर मोठा वाद झाला. ही छायाचित्रे कोणाच्या आश्रयाने काढली गेली हे प्रेक्षकाला पुरेसे सांगितले नाही, असा आक्षेप होता. अखेर आयोजकांना खुलाशाचे पत्रक द्यावे लागले.

फ्रान्सच्या सामूहिक स्मृतीत ती चार वर्षे कृष्णधवल आहेत, याचे एक साधे कारण असे की त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. रंग ज्याच्या हाती होता तो व्यापणाऱ्याच्या पगारावर होता. खेळाने जी मांडणी सहजसिद्ध मानली ती अशी नेमकी उलटी पडते. झुक्काच्या एका चित्रात कोटावर तारा लावलेला वृद्ध ज्यू गृहस्थ दिसतो. जून १९४२ पासून व्याप्त प्रदेशात ज्यूंवर हा तारा सक्तीचा झाला. रंगीत छायाचित्रात तो पिवळा आहे. खेळात पिवळा हा उबदार खिडकीचा रंग आहे.

त्या वर्षीच्या १६ आणि १७ जुलै रोजी पॅरिस व उपनगरांतून १३,१५२ ज्यूंना पकडण्यात आले. ही धरपकड फ्रेंच पोलिसांनी केली. मार्सेल ओफ्युल्स यांचा 'द सॉरो अँड द पिटी' हा १९६९ सालचा माहितीपट आणि रॉबर्ट पॅक्स्टन यांचे १९७२ सालचे व्हिशी राजवटीवरील संशोधन यांनी, सारा फ्रान्स प्रतिकारात उतरला होता, या सुखद कथेला तडा दिला, त्याला 'द सॅबोटर'च्या वेळी चार दशके होत आली होती. खेळाच्या रंगपेटीत जर्मनाचा लाल आहे, जागृत नागरिकाचा रंग आहे, दबलेल्या नागरिकाचा करडा आहे. सही करून यादी पुढे सरकविणाऱ्या फ्रेंच कारकुनासाठी रंग नाही.

घातपाताचा हिशेब

समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. घातपात हा या खेळाचा विषय, त्याचे शीर्षक आणि त्याचा प्रमुख आनंद. पण प्रत्यक्षातील घातपाताला एक बाकीची बाजू होती. २० ऑक्टोबर १९४१ रोजी नाँत शहरात कार्ल होट्झ या जर्मन अधिकाऱ्याला प्रतिकारकांनी गोळी घातली. दोन दिवसांनी ४८ ओलिसांना ठार करण्यात आले, त्यांपैकी २७ शातोब्रियाँ येथे. यानंतर प्रतिकार चळवळीतच वाद पेटला. एक अधिकारी मारून पन्नास माणसे गमवावयाची काय, या प्रश्नाचे उत्तर कोणालाच सोपे गेले नाही. झाँ-पिएर मेलव्हिल यांचा 'आर्मी ऑफ शॅडोज' (१९६९) हा चित्रपट या ओझ्याखालीच वावरतो. त्यातील माणसे रंग परत आणीत नाहीत. ती स्वतः अधिकाधिक करडी होत जातात.

घातपाताचे दुसरे रूप याहून शांत आणि खेळाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरू शकले असते. सोशो येथील प्यूजोच्या मोटार कारखान्यात जर्मनांसाठी उत्पादन चाले. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँब टाकले. कारखान्याचे फारसे बिघडले नाही, परंतु परिसरातील शंभराहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. तेव्हा हॅरी री या ब्रिटिश गुप्त प्रतिनिधीने प्यूजो कुटुंबातील मालकापुढे प्रस्ताव ठेवला : आतून यंत्रे निकामी करू द्या, म्हणजे विमाने परत येणार नाहीत. प्रस्ताव मान्य झाला आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये कामगारांच्या हातून यंत्रे फोडली गेली. मोटारी, कारखाना, मालक, कामगार आणि हेर, एवढे सर्व एका गोष्टीत. मोटार-मेकॅनिक नायकाच्या कथेला याहून जवळचा विषय कोणता असू शकेल? पण या घातपाताचा गाभा वाटाघाटीत होता, आणि वाटाघाट पडद्यावर भडकत नाही. ग्राफिक्स कार्डाला स्फोट मानवतो. धूर, ठिणग्या आणि हादरा यांचे प्रदर्शन हे त्या काळी कार्डाच्या कामगिरीचे प्रमाणपत्रच मानले जाई.

शॉन मनोरा उडवितो तेव्हा धोक्याची पातळी चढते, सैनिक धावून येतात, तो लपतो, पातळी उतरते. हिशेब तेथे संपतो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिकटविलेली ओलिसांची यादी त्याला वाचावी लागत नाही. जो खेळ पहाऱ्याची घनता रंगाने दाखवू शकतो, त्याला खेळाडूच्या कृतीची किंमतही रंगाने दाखविता आली असती. एखादी वस्ती घाईने छेडल्यास ती अधिक काळवंडावी, एवढा एक नियम पुरेसा होता. त्यासाठी नवे कार्ड लागले नसते.

पाठभेद आणि प्रक्षेप

हा खेळ नेमका कोणता, हा प्रश्न शेवटी उरतो आणि मराठीच्या अध्यापकाला तो अपरिचित नाही. हस्तलिखित ग्रंथाच्या प्रतींत पाठभेद असतात, कुठे ओव्या घुसडलेल्या असतात, आणि संपादकाला पाठ निश्चित करावा लागतो. 'द सॅबोटर'च्याही तीन प्रती निघाल्या : प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि विंडोज संगणक. वर वर्णिलेली मऊ कड प्लेस्टेशनच्या प्रतीचा विशेष आहे. विंडोजच्या प्रतीची कथा अधिक दुःखद. ती बाजारात आली तेव्हा ए.टी.आय. कंपनीची रेडिऑन कार्डे असलेल्या अनेकांच्या संगणकांवर ती धड चालेना. डिसेंबर २००९ मध्येच प्रकाशकाला दुरुस्तीचा तुकडा प्रसृत करावा लागला. एन्व्हिडियाचे कार्ड घेतलेल्याला पॅरिस उपलब्ध आणि रेडिऑन घेतलेल्याला बंद, अशी काही दिवस अवस्था होती.

याहून विलक्षण बाब म्हणजे ग्रंथ प्रकाशित होण्यापूर्वीच त्याचा कर्ता नाहीसा झाला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १७ नोव्हेंबर २००९ रोजी पँडेमिक स्टुडिओज बंद केला. खेळ अमेरिकेत विक्रीस आला तो ८ डिसेंबरला. ज्यांनी ती छपरे रचली, ते सूत्र लिहिले, ते लोक तोवर अन्यत्र नोकरी शोधीत होते. त्यामुळे फिक्या रंगांची किंवा चढण्यातील कंटाळ्याची दुरुस्ती करावयास कोणी उरले नाही, आणि उत्तरभाग निघण्याचा प्रश्नच मिटला.

प्रक्षेपाचे उदाहरणही येथे आहे. नव्या प्रतीसोबत 'मिडनाइट शो' नावाचा एक संकेतांक मिळत असे. तो नोंदविला की कॅबरेतील नर्तकी अर्धनग्न दिसत. जुनी प्रत विकत घेणाऱ्याला त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. उद्देश उघड होता : जुन्या प्रतींच्या बाजाराला आळा घालणे. व्याप्त पॅरिसमधील स्त्रिया या खेळात कशा येतात याचे उत्तर काही अंशी या व्यवहारात मिळते. स्कायलर ही ब्रिटिश हेर आणि ज्यूलची बहीण वेरोनिक या दोघी पटकथेत कर्तबगार आहेत, पण नायकाच्या नजरेने पाहिल्या जातात. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हने फ्रान्समध्ये उतरविलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी छळछावण्यांत मारल्या गेल्या. त्यांत नूर इनायत खान या भारतीय वंशाच्या बिनतारी संदेशिकेचाही समावेश होता. पॅरिसमध्ये घराघरांतून यंत्र हलवीत संदेश पाठविणे हे तिचे काम. वेषांतर, पाठलाग आणि लपण्याच्या जागा, हे सारे नियम त्या कामाला जसेच्या तसे लागू पडले असते.

२०२४ साली हा खेळ स्टीम या विक्रीमंचावर पुन्हा उपलब्ध झाला. तेथे मिळतो तो विंडोजचा पाठ. आजच्या कोणत्याही मध्यम प्रतीच्या कार्डाला त्या काळची चित्रे काढणे जड नाही. प्लेस्टेशन ३ च्या सहायक गाभ्यांवर घडणारी ती कड मात्र त्या पाठात त्या स्वरूपात येऊ शकत नाही, कारण ते गाभेच या संगणकांत नाहीत. तो पाठ ज्याला पाहावयाचा असेल त्याला जुने यंत्र, जुनी तबकडी आणि ती वाचणारे शाबूत भिंग या तीन गोष्टी अजून शोधाव्या लागतात.